दुखणं मोजायला निघालेली मुलगी

वारूळवाडीत माझं नाव घेऊन पत्ता विचारलात तर रिक्षावाला जरा विचारात पडेल. 'शेकाच्या बाई' म्हणालात, तर सरळ माझ्या दवाखान्याच्या पायरीशी आणून सोडेल. फिजिओथेरपिस्ट हा शब्द इतक्या वर्षांत आमच्याकडे कुणाच्या जिभेवर बसला नाही आणि मीही तो बसवायच्या भानगडीत पडले नाही. विजेच्या बारीक लहरी देणारं जे मशीन आहे, त्याला पेशंटांनीच 'मुंग्यांचं मशीन' असं नाव ठेवलं. ज्यात हात बुडवल्यावर बोटं सैल होतात ते गरम मेणाचं भांडं म्हणजे 'मेणाचं पातेलं'. आता मीही असंच म्हणते.

बाहेरच्या माणसाला माझा धंदा दोन वाक्यांत सांगता येतो. जे हलत नाही ते हलवायचं, आणि जे हलतंय ते हलतं ठेवायचं. मशीन हे निमित्त. खरं औषध व्यायाम, आणि तो कुणालाच नको असतो. टोमॅटो बाजारातले एक आडतदार हंगाम संपला की कंबर धरून यायचे. व्यायाम सांगायला लागले की हात जोडायचे आणि म्हणायचे, "बाई, व्यायाम माझ्या पोराला शिकवा, मला मुंग्या लावा." त्यांची कंबर अजून दुखते. मुलगा मात्र धडधाकट आहे.

पण आज आडतदारांबद्दल लिहायचं नाही. इतक्या वर्षांत हजारो गुडघे आणि खांदे हाताखालून गेले, त्यात एक मुलगी अशी भेटली की माझ्या धंद्याकडे बघायची माझी रीतच थोडी बदलली. ती पेशंट नव्हती. पेशंट होती तिची आई.

मंदाबाई बोरी बुद्रुकच्या. घरी मेंढरं. लग्न झाल्यापासून कितीतरी वर्षं त्या नवऱ्याबरोबर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन घाट उतरायच्या आणि पावसाच्या तोंडावर परत यायच्या. घोड्यावर बिऱ्हाड, कडेवर पोर आणि पायी चाल. मुलांच्या शाळेसाठी म्हणून पुढे त्या गावातच राहिल्या. नवरा आणि दीर मेंढरांमागे, या शेतात. चालणं थांबलं, अंग वाढत गेलं, मग गुडघे धरले. माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांनी तीन-चार डॉक्टर पाहिले होते आणि प्रत्येकाकडून एकच वाक्य ऐकलं होतं, वजन कमी करा. वाक्य खोटं नाही. वजन उतरलं तर गुडघ्याला आराम पडतो हे मीही सांगते. पण ते म्हणायला अर्धं मिनिट लागतं आणि ऐकणारी बाई ते घेऊन वर्षभर फिरते. मंदाबाई ते असं ऐकायच्या, की जणू कुणी त्यांच्या घरात येऊन भांडी अस्वच्छ आहेत म्हणून सांगितलंय. मान खाली घालायच्या आणि काहीही विचारलं तरी म्हणायच्या, "बरी हाय."

त्यांच्याबरोबर यायची ती रूपाली, त्यांची धाकटी. तेव्हा बारावीला होती. अंगानं आईसारखीच भरलेली, बोलायला कमी, पण डोळे सगळीकडे. मी आईचे गुडघे तपासत असताना ती भिंतीवरचं सांध्यांचं चित्र वाचत उभी राहायची. एक दिवस मंदाबाईंनी सहज सांगितलं, की आता हाताची बोटंही धरतात, सकाळी मूठ वळत नाही. मी बोटं दाबून पाहिली आणि नेहमीचं समजावू लागले, वजनाचा सांध्यांवर कसा भार येतो ते. मागून रूपाली म्हणाली, "मॅडम, गुडघ्यावर वजन पडतं हे पटलं. पण बोटांवर कुठं पडतं? आई काय हातावर चालती का?"

मंदाबाईंनी तिला दटावलं. मला मात्र प्रश्न आवडला. माझ्याकडे उत्तराचा एक तुकडा होता, तो तिला दिला. चरबी म्हणजे पोत्यात भरून ठेवलेला माल नव्हे. ती जिवंत असते. ती रक्तात निरनिराळी रसायनं सोडते. त्यातल्या काहींमुळे अंगात सगळीकडे एक मंद सूज राहते, डोळ्यांना न दिसणारी. त्या सुजेनं दुखणं वाहून नेणाऱ्या नसा हळव्या होतात, असं अभ्यासकांचं म्हणणं आहे. म्हणून जिथं भार पडत नाही तिथंही दुखू शकतं. याच्या पुढचं मला येत नाही, असंही सांगून टाकलं.

"मग कुणाला येतं?" तिनं विचारलं.

मी म्हणाले, ज्यांनी शोधलंय त्यांना थोडं येतं, आणि बरंचसं अजून कुणालाच येत नाही. तिच्या चेहऱ्यावर निराशा दिसेल असं मला वाटलं होतं. दिसला तो वेगळाच भाव, एखाद्याला रिकामी जागा सापडावी तसा.

पुढे ती पुण्याला बी.एस्सी.ला गेली. शेवटच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत दवाखान्यात आली ती हातात कॉलेजची परवानगी घेऊन. प्रकल्पाचा विषय तिनं स्वतः निवडला होता, लठ्ठपणा आणि जुनाट दुखणं यांचा शरीराच्या आत काय संबंध आहे. तिच्या कॉलेजच्या मॅडमनी तिला आधी समजावलं होतं की पदवीच्या पातळीवर हा विषय मोठा आहे, प्रयोगशाळेत करता येईल असं लहानसं काही घे. हिनं विषय लहान केला, सोडला नाही. आपल्याच भागातल्या बायकांच्या कंबरेचा घेर आणि वजन घ्यायचं, ज्या तयार होतील त्यांच्या रक्तात सूज दाखवणारी तपासणी करायची, आणि त्यांना दुखणं किती लवकर जाणवतं ते मोजायचं. मोजायचं कुठं, तर गुडघ्यावर आणि मनगटाच्या वर, हातावर. म्हणजे जिथं अंगाचा भार पडतो तिथं, आणि जिथं पडत नाही तिथं. बारावीतला तो प्रश्न तिनं आता मोजायला घेतला होता.

दुखणं मोजण्याचं यंत्र साधं असतं. पिस्तुलासारखी मूठ, पुढे रबराचं गोल टोक. टोक कातडीवर टेकवून हळूहळू दाब वाढवायचा. दाब नुसता दाब राहत नाही, दुखायला लागतो, त्या क्षणी पेशंटनं 'बास' म्हणायचं, आणि यंत्रावर आकडा थांबतो. कॉलेजनं ते तिला वापरायला दिलं होतं. ते कसं धरायचं, दाब एकसारखा कसा वाढवायचा हे मी तिला शिकवलं. पहिला आठवडाभर तिनं माझ्या, माझ्या मदतनीस बाईंच्या आणि स्वतःच्या हातावर सराव केला. आमच्या तिघींचे हात ठिपक्यांनी भरले.

यंत्र आलं, बायका आल्या नाहीत. बोरीतल्या देवळाच्या सभामंडपात आम्ही सतरंजी अंथरली, वजनकाटा ठेवला. बायका आल्या त्या लांबूनच बघायला. त्यातल्या एकीनं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "वजन कशाला करतीस गं आमचं? बाजारात न्यायचंय व्हय?" मेंढरं पाळणाऱ्या गावात या विनोदाला हशा पिकणारच. रूपालीही हसली. मग तिनं काटा उचलून देवळाच्या मागच्या खोलीत नेला, दार लोटलं, आणि सांगितलं की एका वेळी एकीच आत येईल, आकडा मोठ्यानं म्हटला जाणार नाही आणि ज्या बाईला तो बघायचा नाही तिनं समोर भिंतीकडे बघावं. "आधी मी चढते," ती म्हणाली, "ज्यांना माझा आकडा बघायचाय त्यांनी या." दोघी-तिघी आत गेल्या. बाहेर आल्या त्या गंभीर होऊन. नंतर हळूहळू रांग लागली.

रक्ताला मात्र पुष्कळजणी नाही म्हणाल्या. रूपालीनं कुणालाही दुसऱ्यांदा विचारलं नाही. मला वाटायचं, थोडा आग्रह धरावा. ती म्हणायची, एकदा न्हाई म्हटल्यावर परत विचारलं तर ती परवानगी राहत नाही, दमवणं होतं.

काम असं रुळावर आलं होतं, आणि मग ठकूमावशी आल्या. मावशी म्हणजे गावातल्या सगळ्यात जुन्या मेंढपाळ बायांपैकी एक, रुंद बांध्याच्या, नाकात मोठी नथणी, गुडघे पार वाकलेले. त्या दिवशी मीही तिथं होते. रूपालीनं सगळं समजावलं, यंत्र हातावर टेकवलं, दाब वाढवायला लागली. आकडा चढत गेला. मावशी समोर बघत बसल्या होत्या. आकडा इतर सगळ्यांच्या पुढे गेला, मावशींची पापणी लवली नाही. माझ्या लक्षात आलं तसं रूपालीच्याही आलं असावं, कारण तिनं एकदम हात मागे घेतला. हातावर लालभडक गोल वळ उठला होता.

"मावशी, दुखलं न्हाई?"

"दुखलं की."

"मग बास का नाय म्हटलं?"

मावशींना प्रश्नच विचित्र वाटला. त्या म्हणाल्या, "पोरी, दुखतंय म्हणायची सवय कुणाला हाय? घाटात म्हटलं असतं तर कोण थांबणार व्हतं?"

रूपालीनं त्यांच्या हाताला बर्फ लावला, चहा पाजला, घरापर्यंत सोडून आली. परत आल्यावर सतरंजीवर तशीच बसून राहिली. मी म्हणाले, एका मावशीचा आकडा वगळून टाक, त्यात काही नाही. ती म्हणाली, "मॅडम, मावशींनी सांगितलं म्हणून कळलं. ज्यांनी सांगितलं न्हाई त्यांचं काय?"

मुद्दा माझ्या ध्यानात आला. यंत्र दाब मोजत होतं. दुखणं कुठं सुरू होतं ते बाईच्या तोंडून कळायचं, आणि आमच्या या बायका तोंड उघडण्याआधी किती सोसतात ते कुणी मोजलंच नव्हतं. मेंढरांमागे चाललेल्या बायकांचे आकडे उंच होते, ते त्यांना कमी दुखतं म्हणून, की त्या बोलत नाहीत म्हणून, हे कुणालाच सांगता आलं नसतं. तोपर्यंत तिचं निम्म्याहून जास्त काम झालेलं होतं.

तिच्या कॉलेजच्या मॅडमशी मी फोनवर बोलले. त्या समजूतदार बाई. त्यांचं म्हणणं असं, की पदवीच्या प्रकल्पाला एवढं पुरे आहे, ही अडचण शेवटी मर्यादा म्हणून लिहिली तरी परीक्षक मान्य करतील. परीक्षा जवळ येत होती आणि इतर विषयांचा अभ्यासही होता. मीही रूपालीला तेच सांगितलं. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, की पहिल्यांदा कुणीतरी या बायांना विचारायला आलंय, किती दुखतंय म्हणून. त्यांचं उत्तर चुकीचं लिहून घेतलं तर न विचारलेलं बरं.

तिनं दाबाची सगळी मोजणी पहिल्यापासून परत केली.

या वेळी रीत बदलली. कॉलेजच्या मॅडमची मान्यता घेऊनच बदलली. आधी बाईला शेजारी बसवून यंत्र तिच्याच हातात द्यायचं आणि तिच्याच अंगठ्याच्या नखावर तिला दाबायला लावायचं. दाब कुठं संपतो आणि दुखणं कुठं सुरू होतं ते तिचं तिला कळेपर्यंत. "ही तुमची सोसायची परीक्षा न्हाई," रूपाली प्रत्येकीला सांगायची. "जी लवकर बास म्हणंल ती हरली असं न्हाई. जी खरं बोलंल ती मला मदत करंल." बायका सभामंडपात परत येईनात, तर ती त्यांच्या घरी गेली. कुणाच्या कांद्याच्या वाफ्याच्या कडेला, कुणाच्या गोठ्यात. पुण्याहून शनिवारी एस.टी.नं यायची, रविवारी रात्रीची गाडी धरून जायची. मी जमेल तेव्हा बरोबर जायचे. माझ्या पेशंटच्या घरांत मी इतक्या वर्षांत कधी गेले नव्हते. शौचालयाची उंच पायरी, पाण्याची टाकी कुठं, चूल कुठं, हे बघितल्यावर मी सांगत असलेले निम्मे व्यायाम मला बदलावे लागले.

आईला मात्र तिनं मोजलं नाही. मी कारण विचारलं तर म्हणाली, आईच्या बाबतीत मला काय यायला हवंय ते मी आधीच ठरवून टाकल्यासारखं झालंय.

निकाल काय आला? कुणी गाजावाजा करावा असा नव्हता. ज्यांच्या कंबरेचा घेर जास्त, त्यांना हातावरही दुखणं जरा लवकर सुरू होत होतं, आणि ज्यांनी रक्त दिलं त्यांच्यात सुजेचा आकडाही त्याच बाजूला झुकत होता. पण सगळ्यांचं तसं नव्हतं. काही जाड बायांचे हात अगदी शांत होते, काही बारीक बायांचे फार हळवे. बायका थोड्या, गाव एक. संबंध दिसतो, सिद्ध होत नाही, असं तिनं स्वच्छ लिहिलं. त्याखाली दुसरी एक गोष्ट लिहिली, ती मला जास्त मोलाची वाटते. पहिल्या मोजणीत आणि दुसऱ्या मोजणीत सगळ्यात जास्त फरक पडला तो मेंढरांमागे आयुष्य काढलेल्या बायांमध्ये. नीट विचारल्यावर त्यांचं दुखणं सगळ्यांत कमी दाबावर, सगळ्यांत लवकर सुरू होणारं निघालं.

तोंडी परीक्षेला तिच्या मॅडमनी मलाही बोलावलं होतं. मी मागच्या बाकावर बसले होते. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर होते, कडक वाटले. त्यांनी विचारलं, एवढी दोनदा मेहनत करून हाती निर्णायक काही आलं नाही, मग मिळवलं काय? रूपाली इंग्रजीत अडखळत बोलत होती, ती मराठीवर आली. म्हणाली, "सर, जाडी आधी की दुखणं आधी, हे मला अजून माहीत न्हाई. दुखतं म्हणून हालचाल थांबते, झोप लागत न्हाई, वजन वाढतं. वजन वाढतं म्हणून सूज, आणि परत दुखतं. कुठून सुरू होतं ते शोधायला पुष्कळ वर्षं लागतील. पण हा नुसता बाईच्या मनाचा ढिलेपणा न्हाई, एवढं तरी माझ्या आकड्यांत हाय." परीक्षकांनी चष्मा काढून पुसला आणि पुढे कुठं शिकणार आहेस म्हणून विचारलं. मार्क चांगले पडले. सगळ्यात जास्त नाही, पण चांगले.

मार्कांपेक्षा तिला बोरीतल्या बायकांची जास्त काळजी होती. निकाल लागल्यावर तुम्हाला येऊन सांगीन असा शब्द तिनं प्रत्येकीला दिला होता. त्याच सभामंडपात ती उभी राहिली. कागद नव्हता. चरबी म्हणजे पोतं नव्हे, ती अंगात निरोप पाठवणारी गोष्ट आहे, हे तिनं सांगितलं. चालणं आणि मांड्यांचा व्यायाम यांनी ते निरोप थोडे शांत होतात आणि वजन फारसं न उतरताही गुडघा हलका होऊ शकतो, हेही सांगितलं. थोडं उतरलं तर आणखी बरं, हे तिनं लपवलं नाही. बायका शांत बसून ऐकत होत्या. शेवटी पहिल्या दिवशी बाजाराचा विनोद करणारी बाईच म्हणाली, "म्हंजी आमी आळशी हाय म्हणून दुखत न्हाई."

"न्हाई काकू," रूपाली म्हणाली. "आळशी माणसं घाट उतरत न्हाईत."

मागे खांबाला टेकून मंदाबाई बसल्या होत्या. त्यांनी डोळ्यांना पदर लावला असेल, मला नीट दिसलं नाही.

आता रूपाली दूर एका शहरात एम.एस्सी. करते, दुखणं वाहून नेणाऱ्या नसांवरच. माझ्या धंद्यातली एक खंत मात्र तिच्या मागे राहिली. माझ्याकडे येणारी माणसं अजूनही फार उशिरा येतात, आणि आल्यावर मुंग्या मागतात. पण बोरीतून येणाऱ्या बायका हल्ली दारात बसून आपापसात गुडघ्यांबद्दल मोकळेपणानं बोलतात. पूर्वी त्या फक्त पाऊसपाण्याचं बोलायच्या.

मंदाबाई तर आता एकट्या एस.टी.नं येतात. घेर थोडा उतरलाय, गुडघे बरे आहेत, ओट्यावरून भिंत न धरता उतरतात. बोटांनी मात्र हट्ट सोडला नाही. मागच्या आठवड्यात त्यांचे दोन्ही हात मेणात बुडवून टॉवेलात गुंडाळून ठेवले होते, तेवढ्यात रूपालीचा फोन आला. त्यांना धरता येईना, म्हणून मी स्पीकर लावून समोर धरला. रूपालीनं चौकशी केली आणि विचारलं, शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही आणि दहा म्हणजे सोसवत नाही, तर आज कितीवर आहे. दुखणं विचारायची ही आमच्या धंद्यातली रोजची पद्धत. मंदाबाईंना मी हा प्रश्न असंख्य वेळा विचारला असेल आणि दर वेळी ऐकलं असेल, बरी हाय.

त्यांनी टॉवेलातले हात जरा वर उचलले.

"गुडघा तीन," त्या म्हणाल्या. "बोटं सात. सकाळी आठ असत्यात."

रूपाली दबक्या आवाजात म्हणाली, "कधीपासून, आई?"

"आता इचारलंयस तर ऐक," मंदाबाई म्हणाल्या.

मी फोन त्यांच्याजवळ स्टुलावर टेकवून ठेवला आणि पुढच्या पेशंटकडे गेले. मेण गार होऊन घट्ट झालं तरी त्या बोलत होत्या.